स्वयंपाकघर, दुपार

कॉम्प्युटर कण्हायला लागला तेव्हा त्याला बंद करायचं सोडून आवाजवाल्यांनी त्याच्यासमोर मायक्रोफोन मांडला.

यात त्यांचा दोष म्हणावा तर होता, म्हणू नये तर ती जन्माची सवय होती. सगळी नोकरी त्यांनी रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवण्यात काढली होती. नाटकात लिहिलेलं असे, 'दार करकरतं', की दार करकरवायचं काम यांचं. घोडा दौडवायचा तर लाकडी वाट्या टेबलावर आपटायच्या, वणवा पेटवायचा तर कानाजवळ कागद चुरगळायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सगळे आवाज कॉम्प्युटरात भरून ठेवले आणि घरातल्या घरात तोच उद्योग पुढे चालू ठेवला. ज्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं ते त्यांना आवाजवाले म्हणत, आणि ज्यांना माहीत होतं तेही आवाजवालेच म्हणत. गंमत एवढीच की या माणसाचा स्वतःचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. दुकानात साबण मागायचा तरी ते आधी मनात दोनदा घोकून बघत, आणि तेवढ्यात मागचं गिऱ्हाईक पुढे जाई.

तर त्या सकाळी कॉम्प्युटरच्या पोटातून आवाज आला. आधी पत्र्यावर नख वाजवल्यासारखं टिक, मग करर्र, आणि मग कुणीतरी दमून बसावं तसा लांब सुस्कारा. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. आवाजवाल्यांनी कान लावला आणि त्यांच्या मनात आलं, हा आवाज आपल्याकडे नाही.

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "तो बिचारा कण्हतोय आणि तुम्ही त्याची मुलाखत काय घेताय?"

"श्श."

"मला नका श्श करू. त्याला करा."

त्यांनी चांगलं मनसोक्त रेकॉर्डिंग केलं. सुस्कारा नीट मिळेना म्हणून काही मोठ्या फाइली उगाचच उघडून त्याला पुन्हा पुन्हा कामाला लावलं. सुस्कारा मिळाला. तो त्यांनी सवयीनं कॉम्प्युटरातच साठवला, आणि त्यानंतर पडदा जो थिजला तो थिजलाच.

दुपारी भाची आली. ही बायकोच्या बहिणीची मुलगी. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा तिचा धंदा होता आणि लहानपणी मावशीच्या घरातलं एकही घड्याळ तिनं शाबूत ठेवलेलं नव्हतं. तिनं बॅग जमिनीवर टेकवली, यंत्र पुन्हा सुरू केलं, थोडा वेळ नुसती ऐकत उभी राहिली आणि मग काकांकडे वळली.

"कधीपासून करतोय असं?"

"सकाळपासून."

"आणि तुम्ही काय केलंत?"

आवाजवाले चष्मा पुसायला लागले. उत्तर मावशीनं दिलं. "रेकॉर्डिंग."

"कशावर?"

"त्याच्यावरच," आवाजवाले हळूच म्हणाले.

भाचीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे त्याची घरघर तुम्ही त्याच्याच पोटात भरलीत? काका, धन्य आहे तुमची. अहो, आत एक तबकडी फिरते आणि तिच्यावर सुई. तबकडीवर जागोजाग चट्टे पडलेत. अशा वेळी तिला जितकं कमी पळवाल तितकं बरं. तुम्ही तर तिला जिने चढायला लावलेत."

"सुस्कारा मात्र छान आलाय," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाटलं की हे बोलायला नको होतं.

भाचीनं मग काय करायचं ते सांगितलं. या जुन्या यंत्राला बसेल अशी डिस्क शोधून मागवायला वेळ लागणार होता. तोवर एकच उपाय होता. आहे तीच डिस्क पूर्ण पुसायची, कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत कोरी करायची. पुसता पुसता ती स्वतःच आपल्या खराब जागा ओळखते आणि बाजूला टाकते. मग उरलेल्या चांगल्या जागेवर बॅकअपमधून सगळं परत भरायचं. थोडे दिवस तरी काम चालेल.

"बॅकअप आहे ना?"

या प्रश्नाची बायको वाटच बघत होती. तिनं कपाट उघडलं आणि लोकरीच्या कपड्यांच्या घडीतून एक काळी डबी काढली. डबीला मऊ कापड गुंडाळलेलं होतं. "आहे म्हणजे? दर शनिवारी, झाडांना पाणी घातलं की हेच. तुझ्या काकांवर सोडलं असतं तर बसले असते विचार करत, आज घ्यावा की उद्या घ्यावा."

भाचीनं डबी आपल्या लॅपटॉपला जोडली आणि एकेक फाइल उघडून बघायला सुरुवात केली. दार करकरलं. घोडा दौडत गेला. एक आगगाडी निघाली, एक बाळ रडलं, कुणीतरी चिखलातून चालत गेलं. आवाजवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बायकोकडे कौतुकानं पाहिलं. तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण मान जराशी ताठ झालीच.

"मी आपली पुसायच्या आधी दोन्हीकडचं ताडून बघते," भाची म्हणाली. "एकदा पुसलं की ब्रह्मदेवालाही परत आणता यायचं नाही." ती दोन्ही पडद्यांवरून नजर फिरवत खाली आली आणि थांबली. "काका, इथं 'शांतता' म्हणून एक फोल्डर आहे. तो बॅकअपमध्ये दिसत नाही."

आवाजवाले खुर्चीतून अर्धवट उठले.

"तो मीच वगळला," बायको सहज म्हणाली. "डबी भरलीय म्हणून सारखी तक्रार करत होती. म्हटलं, काय काढता येतंय ते बघू. हा फोल्डर केवढा जड! आणि आत काय, तर काही नाही. न ऐकता नाही हो टाकला. एकेक लावून बघितली. कुठं खट्ट नाही की खुट्ट नाही. यांचं काय होतं माहितीये का, बटण दाबून ठेवतात आणि बंद करायला विसरतात. तुम्हाला विचारलंही होतं मी."

"मला?"

"तुम्हालाच. 'तो रिकामा फोल्डर वगळू का' म्हटलं, तुम्ही 'हं' म्हणालात."

म्हणाले असतील. कानाला हेडफोन असला की ते सगळ्यालाच हं म्हणत. एकदा याच 'हं'वर तिनं आख्ख्या घराला पोपटी रंग लावून घेतला होता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर घर नीट आवरून झाल्यावर येतं तसं समाधान होतं. दर शनिवारचं तिचं ते काम, डबीला गुंडाळलेलं कापड. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "रिकामाच होता."

"बघ," बायको भाचीला म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

भाचीनं खुर्ची जवळ ओढली. "काका, तोंड का उतरलं? त्यात काय होतं?"

"शांतता."

"ते कळलं. पण म्हणजे काय?"

आवाजवाल्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि कुजबुजत सांगायला लागले. आपल्या कामाविषयी ते बोलायला लागले की त्यांची भीड जरा कमी होई. "हे बघ, आत्ता आपण गप्प बसलो तरी इथं पंखा आहे. वरच्या मजल्यावर नळ चालू आहे. खाली रस्ता आहे. दुसऱ्या खोलीत गेलं की हे सगळं वेगळं. नाटकातला एखादा खराब तुकडा कापला आणि तिथं नुसतं कोरं ठेवलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओच बंद पडला. म्हणून जिथं नाटक घेतलं त्याच खोलीची शांतता आधी घेऊन ठेवायची आणि तिचं ठिगळ लावायचं. मी कुठंही गेलो की घेऊन ठेवायचो. शाळा, दवाखाने, रिकामी नाट्यगृहं..."

"आणि आत्ता ती कशाला लागणार आहे?"

"न्यायाधीशाला."

ते एक जुनं नाटक होतं. ग्रंथालयाला त्याची चांगली प्रत हवी होती आणि टेप पार खरखरलेली होती. त्यात न्यायाधीशाचं काम करणारा नट त्यांचा मित्र होता. आता तो नव्हता. शेवटी निकाल देण्याआधी तो न्यायाधीश थांबतो. असा थांबतो, असा थांबतो की घरोघरी लोक उठून रेडिओचं बटण फिरवून बघत. मित्राची सगळी कमाई म्हणजे तो थांबा. आणि नेमकी टेप तिथंच सगळ्यात जास्त खराब झाली होती. आवाजवाल्यांनी खरखर कापली होती, आता तिथं त्याच स्टुडिओची शांतता भरायची एवढंच राहिलं होतं. नाटक डबीत सुखरूप होतं. तो स्टुडिओ पाडून त्याच्या जागी गाड्या लावायची जागा केल्यालाही बरीच वर्षं झाली होती. त्याची शांतता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, आणि ते ठिकाण आत्ता टेबलावर टिक करर्र करत होतं.

"मग मावशीला सांगायचं ना!"

"नको. तिला लागेल."

भाचीनं मान हलवली आणि कामाला लागली. "हे बघा, डिस्क अजून थोडी वाचता येतेय. एकेक फाइल माझ्या लॅपटॉपवर ओढते. पण किती वेळ तग धरेल, काही भरवसा नाही. सकाळी तुम्ही हिला पळवलं नसतं तर... जाऊ दे. कुठली आधी? विचार करत बसू नका."

आता हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं होतं. पायमोजे घेताना काळे की तपकिरी यावर ते दुकान बंद व्हायची वेळ आणत. पण भाचीनं विचारलं आणि त्यांच्या तोंडून ताबडतोब निघालं, "स्वयंपाकघर, दुपार."

भाची बघत राहिली. त्यांनाही आपण काय बोललो ते जरा उशिराच कळलं.

"आणि स्टुडिओ?"

"त्याच्या... त्याच्या नंतर."

"स्वयंपाकघर?" दारातून आवाज आला. बायको ट्रे घेऊन उभी होती, आणि चहावर साय धरायला लागली होती त्यावरून ती बराच वेळ उभी असावी. "म्हणजे रिकामा नव्हता तर."

"अगं, तसं काही विशेष..."

"माझ्याशी बोलू नका." तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "माझ्या हातून ताट फुटलं की तुम्ही म्हणता, जुनंच होतं. भाजी खारट झाली की म्हणता, मला भूकच कमी आहे. मी काय काचेची आहे? एकदा तरी म्हणा, 'काय केलंस हे!' मोठ्यांदा म्हणा."

"काय केलंस हे," ते म्हणाले, पण ते इतकं हळू आलं की भाचीला हसू आवरेना, आणि मग मावशीचाही राग धड टिकेना.

"मावशी, भांडण नंतर. पहिली फाइल निघाली."

तिघंही पडद्यासमोर गोळा झाली. निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मध्येच थांबे, आतून टिक येई, आणि आवाजवाले नकळत श्वास धरून ठेवत. पट्टी टोकाला पोचली. स्वयंपाकघर आलं.

"आता स्टुडिओ," भाची म्हणाली.

पट्टी निघाली. थोडी गेली, थबकली, परत निघाली. बायकोनं त्यांच्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर आतून करर्र झालं, मग तो सुस्कारा आला, सकाळच्यापेक्षा लांब, आणि पडदा थिजला. भाचीनं वाट बघितली. बंद करून सुरू केलं. डिस्क फिरत होती, पण आता कुठलाच फोल्डर दाखवत नव्हती. आणखी काही उपाय करून बघितल्यावर तिनं हात मागे घेतले.

"गेलं, काका."

बायको खुर्चीत बसली. ते नाटक तिला पाठ होतं. तो मित्र तिच्या हातचा चहा पिऊन तालमीला जात असे. "मी त्याचा थांबा घालवला," ती म्हणाली. हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली नाही, आणि आवाजातला तेवढा फरक या घरात लपणं शक्य नव्हतं.

"तो टेपनं घालवला," आवाजवाले म्हणाले. "आणि टेपनं जे सोडलं ते मी सकाळी घालवलं. सुस्काऱ्याच्या नादात." मग तिच्याकडे बघून, "तुझा वाटा त्यात सगळ्यात कमी."

"पण आहे ना?"

"आहे," त्यांनी सांगून टाकलं. "थोडा आहे."

"हं. आता कसं बोललात." तिनं पदरानं नाक पुसलं आणि गार चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

राहिलं होतं ते पुसणं. कॉम्प्युटरनं विचारलं, या डिस्कवरचं सगळं कायमचं जाईल, नक्की ना? भाचीनं माउस काकांकडे सरकवला. "हे मी नाही करत. ज्याचं त्यानं करायचं."

आवाजवाल्यांचा हात माउसवर गेला आणि तिथंच राहिला. आत अजून काहीतरी असेल. शाळा, दवाखाने, ती सगळी रिकामी नाट्यगृहं अंधारात तशीच बसून असतील, दार लोटायची वाट बघत. ती परत कुणालाच उघडता येणार नव्हती हे त्यांना समजत होतं. बोटाला मात्र समजत नव्हतं.

"दाबा हो," बायको म्हणाली. "नक्की ना म्हणून तो विचारतोय तेवढं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, लग्नाच्या वेळीसुद्धा." आणि तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. कुणाचं बोट आधी खाली गेलं ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही.

पुसायला पुष्कळ वेळ लागला. भाचीनं तेवढ्यात पंख्याचा करकरणारा स्क्रू आवळून टाकला, तेव्हा आवाजवाले जरा हळहळले. मग डबीतून माल परत भरायला सुरुवात झाली. उजेड कलता कलता घोडा घरी आला, आगगाडी आली, बाळ आलं, लॅपटॉपवरून स्वयंपाकघरही आलं. भाचीनं खात्रीसाठी एकेक वाजवून बघितलं आणि बॅग उचलली. "नवीन डिस्क आली की कळवते. तोवर याची मुलाखत घ्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वतःहून त्यांच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसली. "लावा बघू ते. माझ्या स्वयंपाकघरात असं काय सोनं पुरलंय ते कळू दे."

त्यांनी फाइल लावली. काही ऐकू येईना.

"झालं. हेच तर मी म्हणत होते."

"थांब."

मग हळूहळू यायला लागलं. फ्रिजची घुरघुर. टपकणारा नळ, तो बदलल्यालाही खूप दिवस झाले होते. लांब कुठंतरी कुणीतरी सतरंजी झटकत होतं. आणि अगदी जवळ, माइकच्या पाठीमागे, कुणाचा तरी श्वास.

"हे कोण?"

"तू. माझा हात थरथरायचा म्हणून तू धरायचीस ना माइक. सगळीकडे."

ती ऐकत राहिली. श्वास बराच वेळ तसाच शहाण्यासारखा चालला. मग तो जरा चुळबुळला, आणि एक तरुण बाई अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "झालं का?"

बायकोनं तोंडावर हात धरला. "अगं बाई!"

"प्रत्येक वेळी," आवाजवाले म्हणाले. "एकाही शांततेत तू शेवटपर्यंत गप्प राहिली नाहीस. दवाखान्यात म्हणालीस, नाट्यगृहात म्हणालीस. स्टुडिओत तर दोनदा. मी वापरताना कापून घ्यायचो. पण मूळ फाइलीत कापायचं म्हटलं की... हात व्हायचा नाही."

"सगळ्यांत होतं हे?"

"सगळ्यांत."

"मी फक्त सुरुवात ऐकून टाकल्या हो." ती थोडा वेळ नळाकडे बघत बसली, म्हणजे पडद्याकडे, पण नळ ऐकत. "मग परत घेऊ की. शाळा कुठं पळून गेल्यात? मी येते धरायला."

"तू बोलशील."

"बोलणारच."

त्या आठवड्यात त्यांनी नाटक पुरं केलं. न्यायाधीशाच्या थांब्यात भरायला आता जगात एकच ठिगळ होतं. लावावं की न लावावं याचा त्यांनी भरपूर विचार केला, दोनदा लावलं, दोनदा काढलं, मित्राला काय वाटेल ते मनातल्या मनात त्याला विचारून बघितलं. शेवटी पाठवायच्या आधी बायकोला ऐकायला बोलावलं.

कोर्टात सगळे उभे राहिले. आरोपीची आई एकदा हुंदकली. न्यायाधीशानं कागद खाली ठेवला आणि तो थांबला. तो थांबलेला असताना त्याच्या कोर्टात कुठंतरी फ्रिज घुरघुरत होता, नळ टपकत होता, आणि कुणीतरी श्वास धरून बसलं होतं. थांबा लांबत गेला, लांबत गेला, आणि अगदी शेवटी, मागच्या बाकावरून आल्यासारखं, कुणीतरी कुजबुजलं, "झालं का?"

न्यायाधीश खाकरला आणि त्यानं निकाल सांगितला.

बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, हे काढायचं राहिलंय. तसंच पाठवणार आहात का?"

"हं," आवाजवाले म्हणाले. या वेळी हेडफोन त्यांच्या कानाला नव्हता. तो टेबलावर होता.